तारापूरच्या अणुभट्टीत वीज कशी तयार होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि बोईसर-पालघर भागातले रहिवासी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे आकडे तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचाचे, म्हणजे ५४० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांचे आहेत आणि ते ढोबळ आहेत.

१. अणूपासून थेट वीज निघते का?

नाही. अणुभट्टी फक्त उष्णता देते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि टर्बाइनच्या दांड्याला जोडलेला जनरेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरून वीज तयार करतो. वाफेपासून पुढचा भाग कोळशाच्या औष्णिक केंद्रासारखाच असतो. वेगळे आहे ते बॉयलरच्या जागी जे बसते ते. कोळसा टाकणे थांबवले की बॉयलर थंड होत जातो. अणुभट्टी बंद केल्यानंतरही तापत राहते (प्रश्न १०). म्हणून अणुकेंद्र समजून घेताना उष्णता कशी तयार होते यापेक्षा ती कशी काढून नेतात, याकडे जास्त लक्ष द्यावे. केंद्राची बहुतेक सुरक्षायंत्रणा त्याच एका कामासाठी उभी असते.

२. मग ही उष्णता येते कुठून?

युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की केंद्रक फुटून दोन तुकडे होतात. हे तुकडे प्रचंड वेगाने सुटतात, आजूबाजूच्या अणूंवर आपटत थांबतात आणि इंधन तापते. एका विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना जेमतेम चार मिळतात.

प्रत्येक विखंडनात सरासरी अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातला बरोबर एक पुढचे केंद्रक फोडायला मिळाला की साखळी एकसारखी चालू राहते. बाकीचे इंधनात, पाण्यात, नळ्यांमध्ये शोषले जातात किंवा बाहेर निसटतात.

३. माझ्या घरात येणारी वीज किरणोत्सारी असते का?

अजिबात नाही. तारेतून अणुभट्टीतले काहीच प्रवास करत नाही. जनरेटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत चुंबकामुळे जो प्रवाह तयार होतो, तो कोयनेच्या वीजेसारखाच असतो.

४. तारापूरच्या चारही अणुभट्ट्या एकाच प्रकारच्या आहेत का?

नाहीत, आणि परीक्षेत याच ठिकाणी गोंधळ होतो.

पहिले दोन संच अमेरिकी बनावटीचे उकळत्या पाण्याचे आहेत. ते २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिकरीत्या सुरू झाले. देशातली पहिली अणुवीज तीच. त्यांना समृद्ध युरेनियम (ज्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले असते) आणि साधे पाणी लागते. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती, पण दुय्यम वाफजनित्रांच्या (अणुभट्टीतल्या गरम पाण्याने जोडीची वाफ तयार करणाऱ्या भांड्यांच्या) नळ्या गळू लागल्यावर ती १६० पर्यंत उतरवावी लागली. २०२० मध्ये हे दोन्ही संच मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले.

तिसरा आणि चौथा संच भारतीय आराखड्याचे, जड पाण्यावर चालणारे. आधी चौथा सुरू झाला (२००५), मग तिसरा (२००६). त्यांना नैसर्गिक युरेनियम चालते. चारही संच न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन चालवते आणि त्यांच्यावर देखरेख मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची असते.

५. जड पाणी म्हणजे काय आणि ते कशाला हवे?

जड पाण्यातला हायड्रोजन हा ड्युटेरियम असतो, नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा. साध्या पाण्यात सहा-सात हजार हायड्रोजन अणूंमागे असा एखादाच सापडतो. अणुभट्टीला मात्र ९९.७ टक्क्यांहून शुद्ध जड पाणी लागते. रायगड जिल्ह्यात थळला खत कारखान्याशेजारी ते तयार होते. खतासाठी बनणाऱ्या वायूतला ड्युटेरियम अमोनियाच्या मदतीने वेगळा काढतात.

विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात आणि युरेनियम-२३५ ला मंद न्यूट्रॉन मानवतात. पाण्याच्या अणूंवर आदळत ते मंदावतात. साधे पाणी हे काम करताना बरेच न्यूट्रॉन खाऊन टाकते, म्हणून त्याच्यासोबत समृद्ध इंधन लागते. जड पाणी जवळजवळ काहीच खात नाही. त्यामुळे ज्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असते, ते नैसर्गिक युरेनियमही पुरते. आपल्याकडे हा मार्ग निवडला गेला तो याचसाठी: समृद्धीकरणाचे कारखाने नसतानाही इंधन देशात तयार करता येते.

एक बारकावा. या अणुभट्टीत जड पाणी दोन वेगळ्या जागी असते. मॉडरेटर म्हणजे न्यूट्रॉन मंद करणारे पाणी कॅलँड्रिया या मोठ्या आडव्या टाकीत, कमी दाबाचे आणि तुलनेने थंड. उष्णता वाहून नेणारे पाणी मात्र इंधनाच्या नळ्यांतून, सुमारे शंभर वातावरणांच्या दाबाखाली ३०० अंशांवर फिरते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. याचा उपयोग प्रश्न १५ मध्ये दिसेल.

६. इंधन दिसते कसे आणि किती लागते?

युरेनियम डायऑक्साइडच्या काळ्या गोळ्या, खडूच्या छोट्या तुकड्याएवढ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकामागे एक भरून नळीची दोन्ही टोके बंद करतात. अशा ३७ नळ्यांची एक जुडी होते, अर्धा मीटर लांब. कॅलँड्रियात ३९२ आडव्या वाहिन्या, प्रत्येकीत १३ जुड्या, म्हणजे एकूण ५,०९६. जुड्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होतात.

पूर्ण क्षमतेवर दिवसाला साधारण २५० किलो युरेनियम बदलावे लागते. एवढीच वीज कोळशावर काढायची तर रोज आठ-नऊ हजार टन कोळसा जाळावा लागेल.

इंधन बदलायला ही अणुभट्टी थांबवत नाहीत. वाहिनीच्या दोन टोकांना दोन यंत्रे चिकटतात. एक नवी जुडी आत ढकलते, दुसरे वापरलेली बाहेर घेते, आणि आत दाब कायम असतो. पहिल्या दोन संचांत असे करता येत नाही. तिथे संच बंद करून, भांड्याचे झाकण उघडून, पाण्याखाली इंधन हलवावे लागते.

७. टर्बाइनमध्ये जाणारी वाफ किरणोत्सारी असते का?

कोणत्या संचाबद्दल विचारता यावर उत्तर अवलंबून आहे. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत इंधनाला स्पर्श केलेल्या पाण्याचीच वाफ टर्बाइनकडे जाते. तिच्यात नायट्रोजन-१६ असतो. हा किरणोत्सारी असतो, पण त्याचे अर्धआयुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) फक्त ७ सेकंद, त्यामुळे संच चालू असताना टर्बाइनजवळ फिरकता येत नाही, पण बंद झाल्यावर थोड्याच वेळात ही अडचण सरते.

जड पाण्याच्या संचांत मधे वाफजनित्र असते. गरम जड पाणी त्याच्या हजारो बारीक नळ्यांमधून जाते आणि नळ्यांच्या बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ होते. ही वाफ स्वच्छ असते. अपवाद एकच: एखादी नळी गळली तर जड पाणी, आणि त्यासोबत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), वाफेच्या बाजूला येते. म्हणून त्या बाजूच्या पाण्याचे नमुने सतत तपासतात. महागडे जड पाणी वाया जाऊ नये हेही त्यामागचे कारण आहेच.

८. समुद्राचे पाणी कशासाठी? ते अणुभट्टीतून फिरून परत येते का?

अणुभट्टीपर्यंत ते पोचतच नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला, म्हणजे कंडेन्सरसाठी, ते लागते. अणुभट्टीत सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता तयार होते आणि तिच्यातून ५४० मेगावॅट वीज निघते. उरलेली जवळजवळ सगळी समुद्रात जाते. बाहेर सोडलेले पाणी ७ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचे नाही असे धरले, तर एका संचाला सेकंदाला ४० टनांहून जास्त समुद्राचे पाणी फिरवावे लागते. म्हणूनच केंद्र किनाऱ्यावर आहे.

कंडेन्सरच्या वाफेच्या बाजूला निर्वात असतो. त्यामुळे नळी गळली तर समुद्राचे पाणी आत शिरते, आतले बाहेर येत नाही. आत आलेला क्षार वाफजनित्राच्या नळ्या कुरतडतो, म्हणून पाण्याची विद्युतवाहकता वाढली की लगेच गळकी नळी शोधतात. दुसरा रोजचा त्रास म्हणजे कालवे आणि शिंपले. ती पाइपांत वाढून वाट अडवतात, म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात.

कोळशाच्या केंद्रापेक्षा इथे उष्णता जास्त वाया जाते, हे खरे आहे. तिथली वाफ साडेपाचशे अंशांच्या आसपास असते, इथली फक्त २५०. इंधनाचे आवरण आणि नळ्या यांना यापेक्षा जास्त तापमान सोसवत नाही. ही वाफ ओलसरही असते. टर्बाइनच्या उच्चदाब आणि नीचदाब भागांमध्ये तिच्यातले थेंब काढून ती पुन्हा तापवावी लागते, नाहीतर थेंबांच्या माऱ्याने पाती झिजतात.

ही सगळी ५४० मेगावॅट वीज ग्रिडलाही मिळत नाही. पंप, पंखे, इंधन यंत्रे यांवर जवळपास दहावा हिस्सा केंद्रातच खर्च होतो.

९. साखळी अभिक्रिया इतक्या झटपट चालते, मग माणूस ती आवरतो कशी?

विखंडनातले सगळे न्यूट्रॉन एकदम बाहेर पडत नाहीत. युरेनियम-२३५ मध्ये सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, काही क्षणभराने तर काही जवळपास मिनिटभराने. अणुभट्टी अशी चालवतात की या उशिरा येणाऱ्यांशिवाय साखळी टिकूच नये. त्यामुळे शक्ती सेकंदा-मिनिटांच्या गतीने बदलते आणि यंत्रणेला आवरायला वेळ मिळतो. अणुवीज शक्य झाली ती या अर्धा-पाऊण टक्क्यामुळे.

रोजचे नियंत्रण कॅलँड्रियातल्या १४ कप्प्यांतून होते. त्यांत साधे पाणी असते. ज्या भागात शक्ती वाढली तिथल्या कप्प्यात पाणी वाढवायचे, घटली तर कमी करायचे. प्रश्न ५ मध्ये न्यूट्रॉन खाते म्हणून नको असलेले साधे पाणी इथे नेमके त्याच गुणासाठी वापरले आहे.

१०. बटण दाबले की अणुभट्टी बंद होते ना? मग धोका कसला?

बंद होते, आणि फार लवकर होते. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कॅडमियमच्या २८ कांड्या दोन-तीन सेकंदांत वरून आत पडतात. त्या अडकल्या तर पूर्ण वेगळी दुसरी यंत्रणा मॉडरेटरमध्ये गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण दाबाने सोडते. दोन्हींपैकी एकही पुरेशी असते.

पण विखंडनाचे तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात आणि त्यांची उष्णता कोणत्याही बटणाने बंद होत नाही. बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, म्हणजे इथे शंभर मेगावॅटहून जास्त. तासाभराने सुमारे दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. अर्धा टक्काही आठ मेगावॅट होतो. एवढी उष्णता काढली नाही तर पाणी उकळून जाते, इंधन उघडे पडते, आणि १,२०० अंशांच्या आसपास झिर्कोनियम वाफेशी वेगाने अभिक्रिया करून हायड्रोजन सोडू लागते. जपानच्या फुकुशिमा केंद्रात (प्रश्न १४) इमारती उडाल्या त्या याच हायड्रोजनने.

११. वीज बनवणाऱ्या केंद्राचीच सगळी वीज गेली तर?

क्रमाने सांगायचे तर आधी बाहेरच्या ग्रिडची वीज, ती गेली तर डिझेल जनरेटर, आणि नियंत्रणासाठी बॅटऱ्या. हे सगळे गेले तरी जड पाण्याच्या अणुभट्टीला एक आधार उरतो. वाफजनित्रे अणुभट्टीपेक्षा उंचावर असतात. गरम पाणी वर चढते, तिथे थंड होऊन खाली येते आणि पंपाशिवाय अभिसरण चालू राहते. अट एकच: वाफजनित्राच्या बाहेरच्या बाजूला पाणी हवे.

हे कागदावरचे नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेलेल्या टर्बाइनच्या हादऱ्यांनी जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळला, त्याने आणि तेलाने पेट घेतला. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबल एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या नव्हत्या, त्यामुळे आगीत दोन्ही गेल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. अणुभट्टी लगेच बंद केली होती. प्रश्न होता उरलेल्या उष्णतेचा. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे आगीचे पंप सुरू करून त्यांचे पाणी वाफजनित्रांत सोडले. काहीजण बॅटरीचे दिवे घेऊन इमारतीच्या वरच्या भागात चढले आणि न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनचे द्रावण आत सोडण्याचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. इंधनाला इजा झाली नाही, किरणोत्सार बाहेर आला नाही. त्या पहाटेच्या पाळीवरच्या माणसांचे काम प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने अभ्यासावे इतके मोलाचे आहे. नंतर तशा टर्बाइनची पाती बदलली आणि केबल वेगळ्या वाटांनी नेल्या गेल्या. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांत बाहेरून पाणी जोडण्यासाठी खास तोंडे बसवली आहेत.

१२. कधीकधी केंद्रातून मोठा आवाज येतो आणि पांढरी वाफ उडते. काही फुटले का?

बहुतेक वेळा टर्बाइन अचानक बंद झालेले असते. वाफ टर्बाइनकडे जाऊ शकत नाही म्हणून ती व्हॉल्व्हमधून थेट हवेत सोडतात. जड पाण्याच्या संचांत ही वाफ दुय्यम, म्हणजे साध्या पाण्याच्या, बाजूची असते (प्रश्न ७). वाफ बाहेर सोडणे हेच त्या वेळी उष्णता काढून नेणे असते.

१३. एकदा बंद पडलेली अणुभट्टी लगेच सुरू का करत नाहीत? आणि रात्री मागणी कमी असताना बंद का ठेवत नाहीत?

दोन्हींच्या मुळाशी झेनॉन-१३५ आहे. हा वायू न्यूट्रॉन अतिशय हावरेपणाने खातो. अणुभट्टी चालू असताना तो जसा तयार होतो तसाच नष्टही होतो. बंद केल्यावर मात्र विखंडनाच्या तुकड्यांतल्या आयोडीन-१३५ पासून तो तयार होत राहतो आणि त्याला संपवणारे न्यूट्रॉन नसतात. दहा-अकरा तासांनी त्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते. नैसर्गिक युरेनियमवरच्या अणुभट्टीत त्यावर मात करण्याइतके न्यूट्रॉन शिल्लकच नसतात. अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा सुरू करता आली तर ठीक, नाहीतर साधारण दीड दिवस थांबावे लागते. म्हणून अणुवीज दिवसरात्र एकसारखी चालवतात आणि चढउतार जलविद्युत व इतर केंद्रे सांभाळतात.

१४. अणुभट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट होऊ शकतो का?

नाही. बाँबला अत्यंत समृद्ध इंधन आणि ते क्षणात एकत्र दाबणारी रचना लागते. इथे इंधन ०.७ टक्क्यांचे आणि मॉडरेटरशिवाय साखळी चालतच नाही.

पण बाँब नाही म्हणजे काहीच होऊ शकत नाही, असे समजणे चूक. चेर्नोबिलला (२६ एप्रिल १९८६) पाण्याची वाफ होताच शक्ती वाढणारी रचना होती, शक्ती भडकली आणि वाफेच्या दाबाने अणुभट्टी फुटली. भक्कम कवचही नव्हते. फुकुशिमाची (११ मार्च २०११) कथा उष्णता न निघाल्याची. भूकंपात अणुभट्ट्या नीट बंद झाल्या, मग त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले.

चेर्नोबिलच्या रचनेतला दोष आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही थोडा आहे: वाहिन्यांतले पाणी वाफाळले की शक्ती किंचित वाढू पाहते. बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र, वेगवान यंत्रणा (प्रश्न १०) त्यासाठीच असतात. इमारतीला काँक्रीटचे दुहेरी कवच आहे.

१५. इंधनाची नळी फुटली तर?

दाबाखालची प्रत्येक नळी दुसऱ्या नळीत बसवलेली असते आणि दोघींमधल्या जागेत कार्बन डायऑक्साइड फिरतो. आतली नळी झिरपू लागली की वायूतला ओलावा वाढतो आणि नळी फुटण्याआधी सुगावा लागतो. तरी मोठी गळती झालीच तर दाब घसरतो, अणुभट्टी आपोआप बंद होते आणि आपत्कालीन शीतन यंत्रणा पाणी आत सोडते. तेही अपुरे पडले तर भोवतीचे मॉडरेटरचे थंड जड पाणी बरीच उष्णता शोषते. गुजरातच्या काक्रापारला ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या संचात अशी गळती झाली. कारण आतून न मिळता नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच्या गंजात मिळाले.

१६. आम्ही बोईसरला राहतो. आम्हाला किती किरणोत्सार मिळतो?

केंद्रामुळे जनतेला मिळू शकणारी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचे एकक) आहे आणि प्रत्यक्षात मिळणारा तिच्या अगदी लहान अंशाइतका असतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये ८ ते १० मिळू शकतात. केंद्राच्या परिसरातले मासे, दूध, भाजी, माती, पाणी यांचे नमुने पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा नियमित तपासते. केंद्रात काम करणाऱ्यांची मर्यादा वेगळी: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही.

१७. वापरलेल्या इंधनाचे काय करतात?

बाहेर काढलेल्या जुड्या आधी काही वर्षे खोल पाण्याच्या हौदात राहतात. पाणी थंडही करते आणि किरण अडवते. जड पाण्याच्या अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनात अजून ९९ टक्के युरेनियमच असते. ते आणि थोडे प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना तारापूरलाच आहे. उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग बोरोसिलिकेट काचेत वितळवून स्टीलच्या डब्यांत बंद करतात आणि हवेच्या नैसर्गिक झोताने थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतात. काही दशकांनी जमिनीत खोल कायमचे पुरायचे, अशी योजना आहे. तसे कायमचे कोठार भारतात अजून झालेले नाही.

१८. सायरन वाजला तर नेमके काय करायचे?

आधी कळवलेला सराव नसेल तर घरात जा. दारे-खिडक्या लावा, पंखे आणि एसी बंद करा. अन्न, पिण्याचे पाणी आणि जमल्यास विहीर झाका, गुरांना गोठ्यात घेऊन झाकलेला चारा द्या. बाहेरून आलात तर वरचे कपडे पिशवीत बांधून ठेवा आणि अंघोळ करा. मग रेडिओ किंवा भोंग्यावरच्या सूचना ऐका. केंद्राबाहेरच्या हालचालींचे आदेश जिल्हाधिकारी देतात. गाडी काढून रस्ता अडवू नका.

आयोडीनच्या गोळ्या सांगितल्यावरच घ्या. त्या फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, बाकी कशापासून नाही, आणि फार आधी किंवा फार उशिरा घेतल्या तर उपयोग होत नाही. मुलांचे प्रमाण वेगळे असते. दुकानातले टिंक्चर आयोडीन किंवा मीठ हा पर्याय नाही. टिंक्चर पोटात घेणे घातक आहे.

१९. जैतापूरला तारापूरसारखीच अणुभट्टी येणार का?

नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात प्रस्तावित आहेत त्या फ्रेंच आराखड्याच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या. त्यांत साधे पाणी आणि समृद्ध युरेनियम असेल, पण तारापूरच्या पहिल्या दोन संचांसारखे ते पाणी अणुभट्टीत उकळू देत नाहीत. दाबाखाली ठेवून वाफजनित्राकडे नेतात. त्यामुळे प्रश्न ७ चे दुसरे उत्तर तिथे लागू होते, तर इंधन बदलण्याबाबत प्रश्न ६ मधली पहिल्या दोन संचांची पद्धत: संच थांबवूनच.